वरचा कान टोचला आणि बिघडला, आता काय करायचं?

प्रश्न : डॉक्टरताई नमस्कार. माझी मुलगी कॉलेजला आहे. होळीच्या आधी मैत्रिणींबरोबर बाजारात गेली आणि एका दुकानात कानाच्या वरच्या कडेला टोचून आली, बंदुकीने, एका सेकंदात झालं म्हणे. मग रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला गेली आणि टँकरच्या पाण्यात डोक्यापासून पायापर्यंत भिजून आली. नंतर कान लाल झाला, ठणकायला लागला. सासूबाईंनी हळद आणि खोबरेल लावलं, मेडिकलवाल्या भैयाने अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या दिल्या, त्या घेतल्या तरी कान टम्म सुजून पुढे आला आणि तापही चढला. शेवटी ईएनटीकडे नेलं, त्यांनी अॅडमिट करून, चीर देऊन पू काढला. आता जखम भरलीये पण वरची कड आत मुडपली आहे. घरात रोज तेच चाललंय, सासूबाई म्हणतात सोनाराकडे टोचलं असतं तर काही झालं नसतं, अख्ख्या खानदानाचे कान त्यानेच टोचलेत. मुलीला दुसऱ्या कानात आजीची बुगडी घालायची आहे, त्यासाठी परत टोचायचं म्हणतेय. कानाचा शेप परत येईल का? आणि तिला टोचू द्यावं का?
– एक आई, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : ताई, आधी मुलीला माझ्याकडून सांगा की वरचा कान टोचायची हौस करण्यात काहीही वावगं नाही. बुगडी वरच्या कानातच घालतात, पुरुषांची भिकबाळीही तिथलीच, म्हणजे आपल्या घरांत हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. त्यामुळे फॅशनच्या नावाने तिला बोलणं आता पुरे करा, पोरीने आधीच खूप सोसलंय.

आता सासूबाईंचं म्हणणं बघू. बारशाला किंवा त्याच्या आसपास सोनार टोचतो ती कानाची पाळी. पाळीत नुसती कातडी आणि चरबी असते, रक्तपुरवठा भरपूर, सहा ते आठ आठवड्यांत बहुतेक वेळा भरून येते आणि थोडं पिकलं तरी शरीर सांभाळून घेतं. वरच्या भागात मऊ हाड असतं, ज्याला आपण कार्टिलेज म्हणतो, त्याला स्वतःच्या रक्तवाहिन्याच नसतात! त्यावर एक पातळ पापुद्रा चिकटलेला असतो आणि सगळं पोषण त्या पापुद्र्यातून झिरपतं. खाली पू साठला की पापुद्रा हाडापासून सुटतो, हाड उपाशी पडतं, मरतं, मग कान आकसतो नाहीतर मुडपतो. तुमच्या मुलीचं नेमकं हेच झालंय. म्हणजे खानदानाचे कान ठीक राहिले ते पाळीचे म्हणून. तोच सोनार तीच तार घेऊन वरच्या कानाला हात लावणार असेल तर मी त्यालाही नको म्हणेन.

बंदुकीबद्दल मला मनापासून राग आहे, स्पष्टच लिहिते. ती स्प्रिंगच्या जोरावर एक बोथट खडा, म्हणजे कानातला स्टड, कानातून ठोकते. पाळीत ते खपून जातं, कार्टिलेजला मात्र त्या धक्क्याने बारीक तडे जाऊ शकतात, पापुद्राही सुटू शकतो. शिवाय बंदूक बहुतेक प्लास्टिकची असते, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या 121 डिग्रीच्या वाफेत, ती टिकत नाही, म्हणून दुकानदार वरून स्पिरिट पुसतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला लावतो. वरचा कान टोचायचाच तर एकदाच वापरायची पोकळ सुई, पाकीट तुमच्यासमोर फोडलेली.

जंतूचं काय? अशा कानात सगळ्यात जास्त सापडतो तो स्यूडोमोनास. तो ओलाव्यात राहतो, नळात, सिंकमध्ये, साठवलेल्या पाण्यात. तुमच्या मुलीचा कान गेरच्या पाण्यानेच बिघडला असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, दुकानातूनही आला असेल, पण ताज्या जखमेवर टँकरचं पाणी पडायला नको होतं हे खरं. 2000 साली अमेरिकेत ऑरेगन राज्यात दागिन्यांच्या एका स्टॉलवर टोचून घेतलेल्या 7 जणांना हाच संसर्ग झाल्याचं पक्कं झालं होतं, आणि जंतू सापडला कुठे तर स्टॉलवरच्या जंतुनाशकाच्याच स्प्रेच्या बाटलीत! त्यातल्या 4 जणांना अॅडमिट करावं लागलं, काहींच्या कानाचा आकार बिघडला. तिथेही बहुतेकांना सुरुवातीला या जंतूवर न चालणारीच औषधं दिली गेली होती. अमॉक्सिसिलिन स्यूडोमोनासवर काम करत नाही, त्याला सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं औषध लागतं आणि ते तपासून डॉक्टरांनीच द्यायचं असतं, वेळेत. तुमचे मधले दिवस त्या गोळ्यांत गेले, तिथेच घात झाला.

एक खूण सगळ्यांनीच लक्षात ठेवा. वरचा कान लाल, गरम, सुजलेला आणि हात लावू देत नाही, पण खालची पाळी मात्र अगदी नॉर्मल, असं दिसलं की कार्टिलेजच्या पापुद्र्याला संसर्ग झालाय असं धरून त्याच दिवशी ईएनटीकडे जायचं, हळद नको, तेल नको, मेडिकलवरची गोळी नको, उद्या बघू तर अजिबात नको. खडाही घरी ओढून काढू नका, कधी काढायचा ते डॉक्टर बघतील.

आता शेप. मुडपलेली कड आपोआप सरळ होणार नाही, तुम्हाला खोटी आशा दाखवत नाही. पण प्लास्टिक सर्जन कान दुरुस्त करतात, दुसऱ्या कानातलं किंवा बरगडीचं थोडं कार्टिलेज घेऊन कडेला आधार देतात. सूज पूर्ण उतरून व्रण मऊ होईपर्यंत त्यासाठी थांबावं लागतं, त्यात बरेच महिने जातात. तोपर्यंत एकदा दाखवून ठेवा, ते कान कितपत गेलाय ते नीट सांगतील. व्रण टोचल्या जागेच्या बाहेर पसरत, फुगत चालला तर लगेच जा, तो केलॉइड असू शकतो, आणि घरात कुणाचे व्रण असे फुगायची सवय असेल तर दुसरा कान टोचायचा विचार सोडून द्या.

तशी सवय नसेल तर दुसरा कान टोचू द्या, पण आत्ता नाही. आधी हा कान पूर्ण शांत होऊ दे. मग सुईने, टायटेनियमचा खडा घालून, आणि पावसाळा किंवा रंगपंचमी तोंडावर नसताना. वरचा कान भरायला सहा महिने ते वर्ष लागतं, तेवढे दिवस त्या कुशीवर झोपायचं नाही, डोक्याला तेल लावताना कान सांभाळायचा, हेल्मेट जपून काढायचं, आणि दिवसातून दोनदा निर्जंतुक सलाइनने, मेडिकलवर मिळतं तेच, हलक्या हाताने पुसायचं. खडा गोल गोल फिरवत बसायचं नाही, आजी कितीही म्हणाल्या तरी. आजीची बुगडी सोन्याची असली तरी भोक पूर्ण भरल्यावरच घालायची, ती जड असते.

प्रश्न : ताई, भावाच्या लग्नात भिकबाळी घालायची आहे, लग्न पुढच्या महिन्यात. आत्ता टोचलं तर चालेल का? शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन शाळेत असताना घेतलं होतं.
– लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : दादा, नाही चालणार. महिन्याभरात वरचा कान भरत नाही आणि लग्नाच्या गडबडीत ओल्या जखमेत मोत्याची बाळी अडकवून फिरलात तर वरचं पत्र परत एकदा वाचा. लग्नाला दाबाची भिकबाळी घ्या, सराफ्यात विचारा, फोटोत फरक दिसत नाही. नंतर निवांत टोचायचं असेल तर त्याआधी धनुर्वाताचा बूस्टर घ्या, दहा वर्षं उलटली असतील तर तो तसाही बाकीच आहे, आणि हिपॅटायटिस बी ची लस झालेली नसेल तर तीही सुरू करा, पूर्ण कोर्सला सहा महिने लागतात.