निर्वासितांच्या वैद्यकीय नोंदी : कोणाला दाखवाव्यात, किती दाखवाव्यात?

प्रश्न : युद्धामुळे किंवा छळामुळे देश सोडावा लागलेल्या माणसावर नव्या देशात नीट उपचार करायचे, तर त्याच्या आधीच्या आजारांची माहिती डॉक्टरांना हवीच. मग छावणीतील दवाखाने, मदत संस्था आणि नव्या देशातील रुग्णालये यांनी सगळ्या नोंदी एकत्र करून एकमेकांना सरसकट खुल्या का करू नयेत? माहिती रुग्णाच्या भल्यासाठीच दिली जाते, तेव्हा संमती आणि गोपनीयता यांचा एवढा बाऊ कशासाठी?

उत्तर : नोंदी रुग्णामागोमाग पोहोचल्या पाहिजेत, हे तुमचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. क्षयरोगाचेच पाहा. साध्या क्षयरोगाचा प्रचलित उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने त्यांतील दोन. तिसऱ्या महिन्यात सीमा ओलांडलेला रुग्ण नव्या डॉक्टरांसमोर बसतो, तेव्हा त्याला गोळ्यांचा रंग आठवतो, पण नाव सांगता येत नाही. उपचार पुढे चालू ठेवावा की पहिल्यापासून सुरू करावा, मध्ये किती दिवस खंड पडला, थुंकीच्या तपासणीत काय आढळले होते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही आणि खंड पडत राहिला तर औषधांना दाद न देणारा क्षयरोग उद्भवण्याचा धोका वाढतो. एका पानाचा केसपेपर सोबत असता, तर हा सगळा पेच पाच मिनिटांत सुटला असता. इन्सुलिन घेणारे, अपस्माराचे रुग्ण, डायलिसिसवर असलेले आणि गरोदर स्त्रिया यांच्या बाबतीत तर खंडाची किंमत काही दिवसांतच मोजावी लागते.

माझा आक्षेप आहे तो ‘सरसकट’ या शब्दाला. निर्वासित माणूस बहुतेक वेळा एखाद्या सत्तेपासून पळालेला असतो आणि नव्या देशात राहू दिले जाईल की नाही, हेही त्याला ठाऊक नसते. उपचारासाठी दिलेला पत्ता उद्या परत पाठवणीसाठी वापरला जाईल, ही त्याची भीती निराधार नाही. इंग्लंडमध्ये आरोग्यसेवेकडील रुग्णांचे पत्ते आणि तत्सम तपशील गृहखात्याला पुरवण्याचा करार 2017 मध्ये अमलात आला होता. डॉक्टरांच्या संघटनांनी आणि संसदेच्या आरोग्य समितीने तीव्र विरोध केल्यावर 2018 मध्ये ती देवाणघेवाण जवळजवळ पूर्णपणे थांबवावी लागली. बांगलादेशात रोहिंग्यांची नोंदणी करताना गोळा केलेली माहिती म्यानमारच्या सरकारकडे गेल्याचा आणि त्यासाठी त्यांची जाणती संमती घेतली नसल्याचा आरोप मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संस्थेने 2021 मध्ये केला. ही नोंदणी करण्यात सहभागी असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाने संमती घेतली नसल्याचा आरोप नाकारला. पण ज्या देशातून माणसे जीव वाचवून निघाली, त्याच देशाकडे त्यांची माहिती पोहोचू शकते, ही शक्यताच छावणीतल्या माणसाचे तोंड बंद करायला पुरेशी आहे. शिवाय हेतू चांगला असला म्हणून साठा सुरक्षित राहतोच असे नाही. जानेवारी 2022 मध्ये रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या माहितीसाठ्यावर सायबर हल्ला झाला आणि 5 लाख 15 हजारांहून अधिक लोकांची माहिती परक्यांच्या हाती लागली. त्यात युद्धामुळे कुटुंबापासून ताटातूट झालेली माणसेही होती.

भीती बसली की माणूस दवाखान्यातच येत नाही, आणि मग नोंदी कितीही उत्तम ठेवल्या तरी त्यांचा उपयोग कोणाला? म्हणून उपचाराची माहिती आणि नोंदणीची, आश्रयाच्या अर्जाची किंवा पोलिसांकडची माहिती यांच्यामध्ये पक्की भिंत हवी, असे माझे ठाम मत आहे. दवाखान्यांनी एकमेकांना द्यायचे ते मोजकेच असावे : चालू औषधे, ॲलर्जी, जुने आजार, शस्त्रक्रिया, लसीकरण, गरोदरपण. असा संक्षिप्त सारांश कसा असावा, याचे आंतरराष्ट्रीय मानकही आता उपलब्ध आहे. लैंगिक अत्याचार, एचआयव्ही आणि मानसिक आजार यांच्या नोंदींसाठी मात्र वेगळी, स्पष्ट संमती घ्यावी. ती रुग्णाच्या भाषेत घ्यावी, दुभाष्या घरातला नसावा, आणि नकार दिला तरी उपचार थांबणार नाहीत हे आधी सांगावे. शिधावाटपाच्या रांगेत, त्याच टेबलावर घेतलेल्या सहीला मी संमती मानत नाही, कारण तिथे ‘नाही’ म्हणण्याची मुभा कोणाला वाटणार?

प्रश्न : नोंद रुग्णाकडेच द्यायची झाल्यास मोबाइलवर द्यावी की कागदावर?

उत्तर : शक्य असेल तिथे दोन्ही. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी काम करणारी संयुक्त राष्ट्रांची संस्था माता-बालकांच्या नोंदी छापील पुस्तिकेतही देते आणि 2017 पासून मोबाइल ॲपवरही. फोन हरवतो, विकावा लागतो, नाक्यावर हिसकावला जातो. कागद भिजतो, पण त्याला चार्जिंग लागत नाही. मात्र दोन्ही परक्याच्या नजरेस पडू शकतात, त्यामुळे ज्या निदानामुळे रुग्णाला इजा होऊ शकते, ते त्याला विचारल्याशिवाय त्यावर लिहू नये.

लिहिणाऱ्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. औषधाचे कंपनीने दिलेले नाव लिहू नका, मूळ जेनेरिक नाव, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख लिहा, कारण कंपनीचे नाव सीमेपलीकडे कोणी ओळखेलच असे नाही. तारीख कोणत्या कालगणनेतील आहे, तेही नोंदवा : इथिओपियाचे वर्ष ग्रेगोरियन वर्षाच्या सात-आठ वर्षे मागे असते आणि अफगाणिस्तानात हिजरी सौर वर्ष वापरले जात आले आहे, त्यामुळे बाळाच्या लसीची तारीख वाचताना घोळ होतो. जन्मतारीख माहीत नसलेल्या अनेकांची नोंद 1 जानेवारी अशीच केली जाते आणि एकच नाव लॅटिन लिपीत चार प्रकारे लिहिले जाते. तेव्हा केवळ नाव आणि जन्मतारीख जुळली म्हणून दोन केसपेपर एकाच माणसाचे मानणे धोक्याचे आहे. आईवडिलांचे नाव आणि जुना नोंदणी क्रमांक पडताळून पाहावा.

प्रश्न : मुलाच्या लसीकरणाचा कागदच नसेल, तर लसी पुन्हा द्याव्या लागतात का?

उत्तर : बहुतेक वेळा होय. लेखी नोंद नसलेल्या मुलाला लस मिळालेली नाही असे धरून वयानुसार पुढील लसी देणे, ही सर्वसाधारण पद्धत आहे. गोवराच्या लसीची एखादी मात्रा जास्त झाल्याने सहसा अपाय होत नाही. धनुर्वाताच्या मात्रा वारंवार दिल्या गेल्या, तर दंड सुजून दुखू शकतो, म्हणून शंका असल्यास डॉक्टर रक्तातील प्रतिपिंडे तपासून ठरवू शकतात. दिलेल्या प्रत्येक मात्रेची नोंद त्याच दिवशी पालकांच्या हाती द्यावी, कारण हे कुटुंब इथून पुढे कुठे जाईल, हे कोणालाच ठाऊक नसते.