सँडबॉक्स गेममध्ये, म्हणजे ठरलेली वाट नसलेल्या मोकळ्या गेममध्ये, खोल कथा घालायची, पण खेळाडूंना मोकळीकही हवी. सुरुवात कुठून करावी?

माइनक्राफ्ट या ठोकळे खणून बांधायच्या गेममधल्या तुमच्या सर्व्हरला, म्हणजे मिळून खेळायच्या जगाला, जुना इतिहास द्यायचाय, पण मित्रांना मनासारखं खेळताही आलं पाहिजे, असं तुम्ही विचारलंय. मी सोलापूरचा. गल्लीतल्या पोरांसाठी असाच सर्व्हर चालवतो.

पहिल्यांदा मी सगळी कथा पुस्तकांत लिहून गेममधल्या ग्रंथालयात ठेवली होती. राजा, लढाई, शाप, सगळं. कुणी दुसरं पान उलटलं नाही. पोरं खणायला आली होती, त्यांना वाचायला कोण बसणार?

वाट सापडली ती गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत. आमचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांनी स्थापलेली ६८ लिंगं सोलापुरात आणि आसपास विखुरलेली आहेत. संक्रांतीच्या सुमारास नंदीध्वजांची, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांची, मिरवणूक त्यांना तेल वाहायला निघते. लहानपणी मला सिद्धरामेश्वरांचं चरित्र कुणी बसवून सांगितलं नाही. आजोबांचं बोट धरून चालायचो, "हे इथंच का?" विचारायचो, आणि तेवढ्यापुरती गोष्ट मिळायची.

मग ग्रंथालयातली पुस्तकं काढून टाकली आणि गेममधल्या वाळवंटात विणकरांची ओसाड वस्ती बांधली. गेममध्ये लूम, म्हणजे आपला माग, २०१९पासून आहेच. घरोघरी माग, भिंतीवर एकाच नक्षीचे बॅनर, मधोमध मिलच्या भोंग्यासारखी सगळ्यांची मिळून एक घंटा. तिथून हजारेक ब्लॉक (गेममधले ठोकळे) लांब, बर्फात, तीच नक्षी वेगळ्या रंगात. पाटी कुठंच नाही. पोरांची भांडणं जुंपली: हे लोक पळाले की कुणी नेले?

मूळ गेमचीही हीच रीत. ११ नंबरच्या तुटक्या म्युझिक डिस्कमध्ये गाणं नाही, खोकला आणि धावणारी पावलं ऐकू येतात. २०२३च्या १.२० आवृत्तीपासून जुन्या अवशेषांतली खास वाळू ब्रशनं झाडली की कधीकधी चित्रांची खापरं मिळतात, आणि अशा चार खापरांचं मडकं होतं. कथेचा तुकडा असा घरी नेऊन मांडता यावा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

खरं काय घडलं ते मात्र तुमच्या वहीत पक्कं लिहिलेलं असू द्या. माझी वस्ती पाणी आटल्यानं उठली होती, आणि मी चुकून एक विहीर भरलेली ठेवली. एका पोरानं ती बरोबर हेरली. म्हणाला, "दादा, कुणीतरी परत आलं होतं इथं." मी ते वहीत लिहून घेतलं आणि रात्री विहिरीशेजारी एक बेड ठेवून आलो.