अमेरिकेतील घरे आणि वंशभेद : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : अमेरिकेतील शहरांत गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या वेगळ्या असतात, असे नेहमी वाचनात येते. परंतु माणसे आपापल्या लोकांत राहणेच पसंत करतात आणि खिशाला परवडेल तेथे घर घेतात. यात सरकारचा दोष कोणता? (एक वाचक, पुणे)

पसंती आणि ऐपत दोन्ही खऱ्या आहेत; परंतु अमेरिकेत ही पसंती दस्तात लिहून पक्की करण्यात आली आणि ऐपत कोणाची वाढावी, हे बऱ्याच अंशी सरकारने ठरवले. वंशानुसार वस्त्या आखण्याचा लुइव्हिल शहराचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९१७ साली रद्द केला, तेव्हा तेच काम खरेदीखतांतून होऊ लागले. घर गोऱ्यांशिवाय कोणाला विकू वा भाड्याने देऊ नये, अशा अर्थाची अट त्यांत असे आणि अनेक ठिकाणी ज्यू व आशियाई लोकांनाही त्या अटीने वगळलेले असे. नोकर म्हणून घरात राहणाऱ्या कृष्णवर्णीयांना मात्र मुभा असे.

खरा घाव पडला तो १९३४ नंतर. त्या वर्षी स्थापन झालेले फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन बँकांच्या गृहकर्जांना सरकारी विमा देऊ लागले आणि त्यामुळे सामान्य नोकरदाराला कमी व्याजाने, दीर्घ मुदतीचे कर्ज प्रथमच मिळू लागले. मात्र मिश्र वस्ती म्हणजे बुडीत कर्जाचा धोका, असे या संस्थेच्या मूल्यांकन-पुस्तिकेत गृहीत धरलेले होते आणि दस्तातील वंशीय अटींची त्यात शिफारस होती. 'रेडलायनिंग'ची, म्हणजे धोक्याच्या ठरवलेल्या वस्त्यांना कर्ज नाकारण्याची, चर्चा निघाली की, १९३० च्या दशकात होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या दुसऱ्या संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे जे नकाशे काढले आणि ज्यांत धोक्याच्या वस्त्या लाल रंगात दाखवल्या, तेच नकाशे सर्वांना आठवतात. त्या संस्थेने लाल भागांतही कर्जे दिली होती. विमा नाकारून त्या वस्त्या दशकानुदशके कोरड्या ठेवल्या त्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनने, म्हणून माझ्या मते दोषाचा मोठा वाटा तिचा आहे.

डेट्रॉइट शहरात याचा पुरावा आजही उभा आहे. १९४१ साली एका बांधकाम व्यावसायिकाला तेथे गोऱ्यांसाठी घरे बांधायची होती, परंतु जागा कृष्णवर्णीय वस्तीला लागून असल्यामुळे कर्जाला विमा मिळेना. त्याने दोन्हींच्या मध्ये सहा फूट उंचीची, सुमारे अर्धा मैल लांबीची काँक्रीटची भिंत घातली आणि विमा मंजूर झाला. आज तिच्या काही भागावर रंगीत चित्रे काढलेली आहेत. ही भिंत कोणाच्या पसंतीने आपोआप उभी राहिलेली नाही. सरकारी कर्जाची अट पुरी करण्यासाठी ती बांधली गेली.

प्रश्न : १९६८ साली कायद्याने हा भेदभाव बंद झाला. मग अर्धशतकानंतरही तफावत का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, नागपूर)

मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ रोजी झाली आणि अवघ्या सातच दिवसांत अध्यक्ष जॉन्सन यांनी फेअर हाउसिंग ॲक्टवर सही केली. त्यापूर्वी हे विधेयक काँग्रेसमध्ये (अमेरिकेच्या संसदेत) पुनःपुन्हा अडले होते आणि ते पुढे सरकावे म्हणून त्याचे दात काढून घेण्यात आले होते. गृहनिर्माण खात्याला तक्रारीवर फक्त समेट घडवून आणता येत असे. न्यायालयात गेलेल्या माणसाला मिळू शकणाऱ्या दंडात्मक भरपाईवर एक हजार डॉलरची मर्यादा होती. आणि मालक स्वतः राहत असलेल्या चार किंवा त्याहून कमी घरांच्या इमारतीला बऱ्याच अंशी सूट होती. खात्याला खरे अधिकार मिळाले ते १९८८ च्या दुरुस्तीने, म्हणजे वीस वर्षांनी.

कायद्यात आणखी एक कलम होते, ज्यानुसार सरकारने भेदभाव टाळण्यापुरते न थांबता समन्यायी गृहनिर्माण पुढे नेणेही अपेक्षित होते. निक्सन यांचे गृहनिर्माणमंत्री जॉर्ज रॉम्नी यांनी हे कलम मनावर घेतले आणि जी उपनगरे सर्वांसाठी घरे बांधू देत नव्हती त्यांचे पाणी व मलनिस्सारणाचे अनुदान अडवण्यास सुरुवात केली. खुद्द निक्सन यांनीच त्यांना थांबवले. पुढे २०१५ साली याच कलमाखाली सविस्तर नियम झाला, २०२० साली रद्द झाला, २०२१ साली काही अंशी परतला आणि २०२५ साली पुन्हा काढून टाकण्यात आला. ज्या धोरणाला सलग दहा वर्षेसुद्धा मिळाली नाहीत, त्याने काही साधले नाही असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

दरम्यान जुन्या कर्जांचे फळ वाढत राहिले. युद्धानंतर न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटाउनमध्ये सतरा हजारांहून अधिक घरे सरकारी हमीच्या कर्जांवर उभी राहिली आणि ती फक्त गोऱ्यांना विकली गेली. ती घरे मुलांकडे आली, त्यांच्या तारणावर नातवंडांचे शिक्षण झाले. २०२२ च्या सरकारी पाहणीनुसार गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती सुमारे २,८५,००० डॉलर होती, तर कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५,००० डॉलर. उद्यापासून एकाही दलालाने भेदभाव केला नाही, तरी हे अंतर त्यामुळे मिटणार नाही. बंदीच्या कायद्याइतकाच खर्चाच्या आणि बांधकामाच्या धोरणाचा आग्रह मी धरतो, त्याचे कारण हेच.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत भाड्याने घर शोधत होतो. ईमेलवर घर रिकामे असल्याचे कळले, पण यजमानांनी फोन करून नाव सांगताच 'ते आत्ताच गेले' असे उत्तर आले. जाहिरात मात्र तशीच होती. हे सिद्ध कसे करायचे? (एक वाचक भगिनी, न्यू जर्सी)

आजचा भेदभाव बहुधा असाच, गोड बोलून केला जातो. त्यामुळे एकट्या माणसाला तो दिसतच नाही. तो उघड करण्याचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे जोडीने केलेली चाचणी. उत्पन्न, नोकरी आणि कुटुंब सारखेच सांगणाऱ्या, पण वंश वेगळा असणाऱ्या दोन व्यक्ती एकाच दलालाकडे थोड्या अंतराने जातात आणि कोणाला किती घरे दाखवली, कोणाकडे कर्जमंजुरीचे पत्र आधी मागितले, कोणाला कोणत्या भागाकडे वळवले, याची नोंद ठेवतात. खोटी माहिती मिळालेल्या अशा चाचणीकर्त्यालाही दावा लावता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली मान्य केले. न्यूजडे या वृत्तपत्राने न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर केलेल्या अशाच तपासात, जो २०१९ साली प्रसिद्ध झाला, कृष्णवर्णीय चाचणीकर्त्यांना ४९ टक्के वेळा आणि आशियाई चाचणीकर्त्यांना १९ टक्के वेळा वेगळी वागणूक मिळाल्याचे दिसले.

आपण ते ईमेल, फोनची वेळ आणि चालू असलेल्या जाहिरातीचा तारखेसह स्क्रीनशॉट जपून ठेवावा. शक्य असल्यास जवळच्या फेअर हाउसिंग संस्थेला (घरांबाबतच्या भेदभावाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेला) लगेच कळवावे, कारण घर भाड्याने गेल्यानंतर चाचणी घेता येत नाही. राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे १८० दिवसांत, केंद्रीय गृहनिर्माण खात्याकडे एका वर्षात तक्रार करता येते आणि केंद्रीय कायद्याखाली न्यायालयात दोन वर्षांच्या आत जाता येते. यासाठी नागरिकत्व लागत नाही. व्हिसावर असल्यामुळे गप्प बसणारी कितीतरी मराठी कुटुंबे आहेत. त्यांनी गप्प बसू नये, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : आमच्या गावात अल्प उत्पन्न गटासाठी घरे येत आहेत. शेजारी, त्यांत भारतीयही आले, म्हणतात की घरांच्या किमती पडतील आणि शाळा बिघडतील. आपले मत काय? (एक वाचक, मध्य न्यू जर्सी)

आपल्याच राज्यात याचे उत्तर मिळाले आहे. माउंट लॉरेल या गावात कृष्णवर्णीय कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती, परंतु मोठे भूखंड आणि स्वतंत्र बंगले यांचीच सक्ती करणाऱ्या झोनिंगमुळे, म्हणजे कोठे काय बांधावे हे ठरवणाऱ्या गावाच्या नियमांमुळे, त्यांच्या मुलांना गावात परवडेल असे घर उरले नव्हते. एथेल लॉरेन्स या रहिवासी दाव्यात उतरल्या आणि १९७५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, प्रत्येक विकसनशील गावाने अल्प व मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या घरांचा आपला वाटा उचललाच पाहिजे. गावे टाळाटाळ करू लागली, तेव्हा १९८३ साली न्यायालयाने बांधकाम व्यावसायिकांनाच दावे लावण्याची वाट मोकळी केली. न्यायालयाने घातलेल्या या नियमात वंशाचा उल्लेख नाही. परंतु वंश न उच्चारता वंशभेद टिकवणारे हत्यार म्हणजे झोनिंग, असे मला वाटते, आणि त्यालाच त्या निकालाने हात घातला.

माउंट लॉरेलमध्ये अखेर उभ्या राहिलेल्या, लॉरेन्स यांचेच नाव असलेल्या १४० घरांच्या वसाहतीचा अभ्यास प्रिन्स्टन विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. आसपासच्या घरांच्या किमती, गुन्हे आणि कर यांवर त्या वसाहतीचा परिणाम झाल्याचे त्यांना आढळले नाही. आपल्या शेजाऱ्यांना हे शांतपणे सांगावे. आणि ज्या गावात आपल्याला आशियाई म्हणून कधी काळी घर मिळाले नसते, त्या गावाचे दार आपण आत आल्यावर लावून घेणे योग्य आहे का, हेही विचारावे.

प्रश्न : गरीब कुटुंबाला चांगल्या वस्तीत हलवले तर खरोखर फरक पडतो का? (एक शिक्षिका, कोल्हापूर)

मुले लहान असतील तर पडतो. १९९४ साली बॉस्टन, शिकागो यांसह पाच शहरांत सोडत काढून काही कुटुंबांना कमी गरिबीच्या वस्तीतच वापरता येईल असे भाड्याचे व्हाउचर देण्यात आले. तेरा वर्षांच्या आत हललेल्या मुलांचे मोठेपणीचे उत्पन्न, ज्यांना व्हाउचर मिळाले नाही त्यांच्यापेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी अधिक निघाले. पौगंडवयात हललेल्यांना मात्र तसा लाभ झाला नाही.

प्रश्न : मुंबईत धर्म, जात आणि खाणे विचारून घर नाकारतात. अमेरिकेतील अनुभव येथे उपयोगी पडेल का? (एक वाचक, मुंबई)

डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकून १९१७ साली बडोद्यात नोकरीला आले, तेव्हा त्यांना कोणी जागा देईना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले आणि तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. राज्यघटनेच्या कलम १५(२) ने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते येथील भेदभाव बंद केला, परंतु खाजगी घराच्या भाड्याचा वा विक्रीचा त्यात स्पष्ट उल्लेख नाही. २००५ साली अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व पारशांपुरते ठेवणारा पोटनियम वैध ठरवला. मूलभूत हक्क राज्यसंस्थेला बांधतात, खाजगी संस्थेला नव्हे, हा त्यामागचा एक प्रमुख आधार होता.

दस्तातील वंशीय अटींबाबत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ साली जवळपास हेच म्हटले होते. १९४८ साली, सेंट लुइसमधील शेली कुटुंबाच्या खटल्यात, त्याच न्यायालयाने भूमिका बदलली : अट खाजगी असली तरी ती बजावायला न्यायालय सरसावले की राज्यसंस्थाच भेदभाव करते. आपल्याकडे सहकारी संस्थांची नोंदणी, पोटनियमांची मंजुरी आणि सभासदत्वाच्या वादांचा निवाडा हे सारे सरकारी यंत्रणेच्या हातून होते, त्यामुळे हा युक्तिवाद येथे अधिकच लागू पडावा, असे माझे मत आहे. तोवर राज्य विधिमंडळाला कायदा करण्यापासून कोणी अडवलेले नाही. तो करताना १९६८ ची चूक टाळावी : तक्रारीची वाट न पाहता जोडीने चाचण्या घेणारी आणि दंड करू शकणारी यंत्रणा पहिल्या दिवसापासून कायद्यातच असावी.