‘सिट-इन’ : धरणे की ठिय्या?

कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या विद्यार्थी आंदोलनांवरच्या ‘बर्कली इन द सिक्स्टीज’ (१९९०) या माहितीपटाची मराठी उपशीर्षके करताना ‘सिट-इन’साठी, म्हणजे निषेध म्हणून एखाद्या जागी बसून राहण्यासाठी, ‘धरणे’ चालेल का, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते नाही चालणार.

धरणं दारात धरतात. जुन्या काळी सावकार ऋणकोच्या दारात उपाशी बसायचा आणि तो उठेपर्यंत आतल्यांनाही घास घेता येत नसे. आजही धरणं असतं ते कचेरीच्या फाटकाबाहेर, मांडव घालून. उंबरठा ओलांडायचा नाही, हे त्यात धरलेलंच आहे.

आता २ डिसेंबर १९६४ला बर्कलीत काय झालं ते बघा. विद्यापीठाच्या आवारात राजकीय प्रचाराला बंदी होती. तिच्याविरुद्ध हजाराच्या वर मुलं स्प्राउल हॉल या प्रशासकीय इमारतीत शिरली आणि मजल्यामजल्यावर बसून राहिली. पोलिसांनी सुमारे ८०० जणांना अटक केली, कित्येकांना जिन्यावरून फरपटत खाली आणलं. याला आपल्याकडे ‘ठिय्या’ म्हणतात. आत जाऊन जागा अडवायची आणि कोणी उचलल्याशिवाय उठायचं नाही. शिवाय शब्द आखूड आहे, पडद्यावर सहज मावेल.

त्याआधीचा, १ ऑक्टोबरचा प्रसंग जरा अवघड आहे. जॅक वाइनबर्ग या आंदोलकाला अटक करून पोलिसांनी गाडीत बसवलं, तशी मुलं गाडीभोवती बसली. बत्तीस तास गाडी जागची हलली नाही. तिच्या टपावर उभं राहून भाषणं झाली. विद्यार्थ्यांचा नेता मारिओ सॅव्हिओ याने तर वर चढण्याआधी पायातले बूट काढून ठेवले. मला या सगळ्या आंदोलनातली ही गोष्ट फार आवडते. इथे ‘घेराव’ लिहायचा मोह होईल. पण घेराव घालतात तो अधिकाऱ्याला, मागणी पदरात पडेपर्यंत. इथे तर गाडीत आपलाच माणूस होता. म्हणून इथेही ‘ठिय्या’च बरा.

कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या १९६०मधल्या सिट-इनचा उल्लेख येईल तिथे मात्र शब्द बदला. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ग्रीन्सबरो शहरात चौघे जण एका दुकानातल्या, फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या काउंटरवर बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. त्यांना जागा अडवायची नव्हती. तिथे बसणं हाच नियमभंग होता. तिथल्याच नॅशव्हिल शहरात असंच आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांना तर लेखी सूचना होत्या : कोणी मारलं तरी हात उचलू नका, ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा. त्यांना तयार करणारे जेम्स लॉसन त्याआधी काही वर्षं नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते आणि गांधीजींचा मार्ग त्यांनी इथेच अभ्यासला होता. तेव्हा अक्षरं जास्त झाली तरी तिथे ‘बैठा सत्याग्रह’ लिहा. ओळीत बसत नसेल तर त्या वाक्यातलं दुसरं काहीतरी कापा.