शॅनन म्हणजे नेमके कोणते शॅनन?

तुमचे पत्र सावकाश, दोनदा वाचले. तुम्हाला आयर्लंडमधील शॅनन येथील विमानदुरुस्तीच्या कारखान्यात एव्हिऑनिक्स, म्हणजे विमानातील इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या, विभागात नोकरी मिळाली आहे, तुमच्या पत्नीला ‘टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी ऑफ द शॅनन’मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी प्रवेश मिळाला आहे, आणि घर शोधताना कॅरिक-ऑन-शॅनन या गावी तुमच्या खिशाला परवडणारे एक घर आढळले आहे. तिन्ही कागदांवर एकच नाव असल्यामुळे घर, नोकरी आणि कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर असेल, असा तुमचा समज झालेला दिसतो. तेव्हा बाकी सगळे नंतर सांगतो. आधी एवढेच सांगतो की त्या घराची अनामत रक्कम पाठवू नका. कॅरिक-ऑन-शॅनन तुमच्या कारखान्यापासून दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे, आणि पत्नीचे वर्ग जर विद्यापीठाच्या ॲथलोन येथील आवारात भरणार असतील, तर तेही कारखान्यापासून शंभराहून अधिक किलोमीटरवर आहेत.

तुमच्या चुकीला मी हसणार नाही, कारण सात वर्षांपूर्वी नाशिकजवळच्या ओझरहून इथे आलो तेव्हा मी स्वतः याच नावाने फसलो. ज्या मध्यस्थाने माझ्या पहिल्या पंधरा दिवसांची सोय केली होती, त्याने नकाशा न पाहताच कॅरिक-ऑन-शॅनन येथे खोली घेऊन ठेवली होती. डब्लिनला उतरल्यावर मी त्याच्या सांगण्याप्रमाणे स्लायगोची आगगाडी पकडली, कॅरिकला उतरलो आणि दोन जड बॅगा ओढत नदीवरच्या पुलापर्यंत आलो. खाली शॅनन वाहत होती, बोटी बांधलेल्या होत्या, आणि आपण मुक्कामी पोहोचलो याचे मला मोठे समाधान वाटत होते. घरमालकीणबाईंनी कारखान्याचे पत्र चष्मा वर सरकवून वाचले, पुन्हा वाचले, मग काही न बोलता चहाची किटली ठेवली. चहा हातात दिल्यावर त्यांनी सांगितले की नदी हीच आहे, पण तुझे काम तिच्या दुसऱ्या टोकाला आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा डब्लिनला जाऊन तिथून लिमरिकची गाडी धरावी लागली, आणि कामाचा पहिला दिवस हुकला तो हुकलाच.

हा घोळ का होतो, ते समजून घेतले की पुढचे निर्णय सोपे होतात. शॅनन हे मुळात नदीचे नाव आहे. कॅव्हन काउंटीमध्ये क्विल्का डोंगराच्या उतारावर ‘शॅनन पॉट’ नावाचा एक लहानसा डोह आहे. तिथून निघून ही नदी सुमारे 360 किलोमीटर वाहते आणि अटलांटिकला मिळते. आपल्या गोदावरीच्या लांबीचा हा जेमतेम चौथा हिस्सा, पण आयर्लंडमधील सर्वांत लांब नदी हीच. ‘आम्ही गोदाकाठचे’ असे कोणी म्हटले तर तो नाशिकचा, पैठणचा की नांदेडचा हे जसे विचारावे लागते, तसेच इथे आहे. कॅरिक-ऑन-शॅनन हे लीट्रिम काउंटीचे मुख्य ठिकाण नदीच्या वरच्या अंगाला. ॲथलोन मधोमध, लॉख री या सरोवराच्या दक्षिणेला. त्याच्याही खाली ऑफली काउंटीत शॅननब्रिज आणि शॅनन हार्बर. मग लॉख डर्ग ओलांडून लिमरिक शहर. आणि लिमरिकच्या पश्चिमेला, जिथे नदी रुंद होऊन खाडी बनते, तिथे उत्तर तीरावर क्लेअर काउंटीत तुमचे शॅनन. ‘शॅननसाइड’ नावाचे नभोवाणी केंद्रही आहे, पण ते लाँगफर्डचे, म्हणजे पुन्हा वरच्या अंगाचे. त्यावर लागलेली घरांची जाहिरात तुमच्या उपयोगाची नाही.

गावाच्या नावाला नदी जोडण्यामागेही कारण आहे. कॅरिक म्हणजे सहसा खडक, आणि खडक सगळीकडेच असल्यामुळे कॅरिक नावाची गावेही अनेक आहेत. टिपरेरीतले कॅरिक-ऑन-शूर ते वेगळे. आपल्याकडे अमरावती जिल्ह्यात चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार अशी फोड करतात किंवा बुद्रुक-खुर्द लावतात, त्यातलाच हा प्रकार. तुमच्या कारखान्याजवळचे न्यूमार्केट-ऑन-फर्गस हे गावही असेच. नुसते न्यूमार्केट शोधाल तर कॉर्क काउंटीत जाऊन पोहोचाल.

तुमचे शॅनन मात्र या सगळ्यांहून निराळे आहे, कारण ते जुने गावच नव्हे. 1930 च्या दशकाच्या अखेरीस खाडीलगतच्या रायनॅना या पाणथळ जागी विमानतळ बांधायला घेतला, तेव्हा अटलांटिक ओलांडणारी विमाने पाण्यावर उतरणारी असत आणि ती समोरच्या दक्षिण तीरावर फॉइन्झ येथे येत. लांब पल्ल्याची जमिनीवर उतरणारी विमाने आली आणि 1945 नंतर सगळी वाहतूक रायनॅनाकडे वळली. त्या विमानतळाला नदीचे नाव मिळाले. 1947 मध्ये ब्रेंडन ओ’रीगन यांनी तिथे जगातले पहिले करमुक्त दुकान सुरू केले. पुढे जेट विमाने इंधनासाठी न थांबता थेट जाऊ लागतील आणि विमानतळ ओस पडेल, हे दिसू लागले, तेव्हा 1959 मध्ये त्याला लागून मुक्त, म्हणजे करसवलतीचे, औद्योगिक क्षेत्र उभारले गेले. आधुनिक अर्थाने असे हे पहिले क्षेत्र मानले जाते. आपल्याकडे कांडला 1965 मध्ये आणि मुंबईत अंधेरीचे सीप्झ 1973 मध्ये आले. चीनचे जियांग झेमिन 1980 मध्ये हे क्षेत्र पाहायला आले होते. कामगारांना राहण्यासाठी 1960 च्या दशकात ड्रमगीली भागात वसाहती बांधल्या आणि त्या वस्तीलाही विमानतळाचेच नाव पडले. म्हणजे नदीवरून विमानतळ आणि विमानतळावरून गाव. आजची लोकसंख्या सुमारे 10 हजार आहे.

म्हणूनच आयर्लंडच्या चित्रांमध्ये दिसणारी दगडी घरांची गल्ली, चौकातले देऊळ आणि ओळीने पब अशी अपेक्षा ठेवून येऊ नका. बाजार म्हणाल तर स्कायकोर्ट नावाचे एक खरेदी संकुल आहे. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो, त्याचा वास वाऱ्याबरोबर पार घरापर्यंत येतो, आणि वारा इतका असतो की छत्री घेऊन निघालेला माणूस नवखा आहे हे लगेच ओळखू येते. काही जणांना हे गाव रूक्ष वाटते. मला तसे वाटत नाही, पण मी ओझरच्या एचएएल या विमान कारखान्याच्या टाउनशिपमध्ये वाढलो आहे. विमानाच्या आवाजात झोप लागणे ही माझी जुनी सवय आहे.

तुम्ही पत्रात विचारले आहे की ज्यांच्या नावाने इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी शॅननचा सिद्धांत शिकतात, ते क्लॉड शॅनन इथलेच का. नाही. ते 1916 मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात जन्मले, आणि त्यांच्या आडनावाचा नदीशी संबंधच नाही. शॅनन हे आडनाव मुख्यतः ‘ओ शनॉन’ या आयरिश कुलनामाचे इंग्रजी रूप आहे. शनॉनचा, म्हणजे शहाण्या म्हाताऱ्याचा, वंशज असा त्याचा अर्थ होतो. नदीचे नाव मात्र स्त्रीचे आहे. जुन्या कथेप्रमाणे समुद्रदेव लीरची नात सिनन ज्ञानाच्या विहिरीपाशी गेली, त्या विहिरीचे पाणी उसळले, सिनन बुडाली आणि तिच्या नावाने नदी वाहू लागली. तरी एक धागा उरतोच. जुन्या आयरिशमध्ये ‘सेन’ म्हणजे जुना. आपल्या ‘सनातन’मधला ‘सन’ आणि हा ‘सेन’ भाषेच्या दृष्टीने सख्खे आहेत. आडनाव तर याच शब्दातून आले आहे, आणि नदीच्या नावातही तोच शब्द असावा, असे एक मत आहे. क्लेअरमध्ये हे आडनाव आजही आढळते; अकॉर्डियन वाजवणाऱ्या शॅरन शॅनन याच काउंटीच्या.

जगाच्या नकाशावरही हाच दुहेरी घोळ आहे. क्युबेकमधले शॅनन आयरिश वसाहतकऱ्यांचे, पण न्यूझीलंडमधले शॅनन हे गाव रेल्वे कंपनीच्या एका संचालकाच्या आडनावावरून वसले, आणि अमेरिकेत मिसूरी राज्यातील शॅनन काउंटी अमेरिकेच्या पश्चिम भागाचा शोध घेणाऱ्या लुईस-क्लार्क मोहिमेतील सर्वांत तरुण सदस्याच्या आडनावावरून. ब्रिटिश आरमाराच्या जहाजांना मात्र नदीचेच नाव दिलेले असे, आणि त्यांपैकी एका जहाजाचा आपल्या इतिहासाशी संबंध आहे: 1857 मध्ये कलकत्त्याला आलेल्या ‘शॅनन’ या जहाजावरील तोफा कॅप्टन विल्यम पील यांच्या खलाशांनी ओढत थेट लखनौपर्यंत नेल्या होत्या. शॅनन हे माणसाचे पाळण्यातले नावही आहे, तेही मुख्यतः अमेरिकेत रूढ झालेले, आणि ते मुलींना तसेच मुलांनाही ठेवतात. कारखान्याच्या ईमेलमध्ये ‘तारीख शॅननकडून कळेल’ असे वाक्य आले, तर ते गाव आहे की मनुष्यबळ विभागातील कोणी व्यक्ती, हे निःसंकोच विचारा. आणि व्यक्ती असेल तर ‘सर’ की ‘मॅडम’ हे ठरवण्याची घाई करू नका. इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात.

आता तुमच्या निर्णयाविषयी. खरी अडचण पत्नीच्या कॉलेजची आहे. हे विद्यापीठ ऑक्टोबर 2021 मध्ये ॲथलोन आणि लिमरिक येथील दोन तंत्रशिक्षण संस्था एकत्र करून स्थापन झाले. त्याची आवारे ॲथलोन, लिमरिक, थर्ल्स, क्लॉनमेल आणि एनिस येथे आहेत, शॅनन गावात एकही नाही. प्रवेशपत्रावर विद्यापीठाचे नाव आहे एवढ्यावर समाधान मानू नका. वर्ग कोणत्या आवारात भरतील, हे त्यांच्याकडून लेखी घ्या. लिमरिक असेल तर प्रश्नच मिटला: लिमरिकमध्ये घर घ्या, त्यांचे कॉलेज शहरातच आणि तुमचा कारखाना पंचवीसेक किलोमीटरवर. एनिस असेल तर तेही साधारण तितक्याच अंतरावर, उलट बाजूला आहे, आणि गाव म्हणून मला लिमरिकपेक्षा एनिस अधिक आवडते. ॲथलोन असेल तर रोज ये-जा करता येईल या भ्रमात राहू नका. लिमरिकहून ॲथलोनला थेट आगगाडी नाही, ॲथेनरायला गाडी बदलावी लागते. अशा वेळी तोच किंवा जवळचा अभ्यासक्रम लिमरिकला मिळेल का, हे शुल्क भरण्याआधी विचारणे शहाणपणाचे.

शॅननला रेल्वे येत नाही, त्यामुळे सुरुवातीला बसवरच अवलंबून राहावे लागेल. लिमरिक ते एनिस अशी 343 क्रमांकाची बस शॅननवरून जाते, परंतु पाळी पहाटेची असेल तर तिची वेळ जुळते का, हे आधी तपासा. मोटार घ्यायची तर आपला भारतीय परवाना इथल्या परवान्यात बदलून मिळत नाही. लेखी परीक्षा, शिकाऊ परवाना, ठरावीक धडे आणि मग चाचणी, असा सगळा क्रम नव्याने करावा लागतो, आणि त्यानंतर पहिल्या वर्षीचा विमा ऐकून धक्का बसतो. गाडी डाव्या बाजूने चालते, एवढेच काय ते ओळखीचे.

घराचा पत्ता पाहताना गावाच्या नावावर न जाता एअरकोड पाहा. 2015 पासून इथे प्रत्येक पत्त्याला सात अक्षरांकांचा स्वतंत्र कोड आहे. खेड्यापाड्यांत अनेक घरांचा पत्ता शब्दशः एकच असतो, म्हणून ती सोय करावी लागली. कोडची पहिली तीन अक्षरे विभाग सांगतात: शॅननसाठी व्ही-14, लिमरिकसाठी व्ही-94, एनिससाठी व्ही-95. तुम्ही पाठवलेल्या जाहिरातीतील कोड एन-41 ने सुरू होतो, तो कॅरिकचा, ॲथलोनचा एन-37. जो घरमालक किंवा मध्यस्थ कोड सांगायला टाळाटाळ करतो, त्याच्याशी व्यवहार करू नका, मग भाडे कितीही कमी असो.

येताना शक्य असेल तर डब्लिनऐवजी लंडनमार्गे थेट शॅनन विमानतळावर उतरा. तिकिटावर एसएनएन हे सांकेतिक नाव आहे ना, ते पाहून घ्या. बाहेरच बस मिळेल. मात्र ‘शॅनन’ एवढेच सांगून तिकीट मागितले तर चालक विचारेल, गाव की विमानतळ, कारण त्याच्या लेखी ते दोन वेगळे थांबे आहेत. आवारासंबंधी विद्यापीठाचे उत्तर आले की मला कळवा. लिमरिक किंवा एनिस ठरले, तर घर समक्ष पाहून, तिथे उभे राहून तुम्हाला फोन करीन.