वाचकांचे प्रश्न : ओलेक्सांद्र उसिक आणि पायांचे शिक्षण

प्रश्न : युक्रेनचा हेवीवेट बॉक्सर कीव्ह शहराचा महापौर आहे, असे आमच्या कट्ट्यावर एकाने ठामपणे सांगितले. उसिक तोच का? (एक वाचक, विटा)

उत्तर : नव्हे. कीव्हचे महापौर विताली क्लिचको. ते आणि त्यांचे धाकटे बंधू व्लादिमीर असे दोघेही हेवीवेट जगज्जेते होते आणि आईला दिलेल्या शब्दामुळे एकमेकांविरुद्ध कधी लढले नाहीत. उसिक त्यांच्या पुढच्या पिढीचा. त्याचा जन्म १७ जानेवारी १९८७ रोजी क्रिमियातील सिम्फेरोपोल येथे झाला. व्लादिमीर यांचे दीर्घकाळ टिकलेले जगज्जेतेपद २०१५ मध्ये ब्रिटनच्या ज्या टायसन फ्युरीने संपवले, त्याच फ्युरीला पुढे उसिकने हरवले. त्यामुळे ही नावे एकत्र येतात आणि घोटाळा होतो.

प्रश्न : मे २०२४ मधील फ्युरी आणि उसिक यांची लढत मी पूर्ण पाहिली. फ्युरी सहा इंचांनी उंच, वजनानेही जड, आणि तीनपैकी एका परीक्षकाने तर त्यालाच विजयी ठरवले होते. आपल्याकडे निकाली कुस्तीत पाठ टेकली की वाद मिटतो. असा गुणांवरचा विजय खरा मानावा का? (एक निवृत्त शिक्षक, तासगाव)

उत्तर : मानावा, आणि त्याचे कारण त्या गुणपत्रिकांतच आहे. बॉक्सिंगमध्ये प्रत्येक फेरी जिंकणाऱ्यास १० आणि हरणाऱ्यास बहुधा ९ गुण मिळतात. हरणारा त्या फेरीत खाली पडला तर सामान्यतः ८. रियाधमधील बारा फेऱ्यांच्या त्या लढतीत दोन परीक्षकांनी उसिकला ११५-११२ आणि ११४-११३ असे, तर तिसऱ्याने फ्युरीला ११४-११३ असे पुढे ठेवले. नववी फेरी आपणांस आठवत असेल. उसिकच्या डाव्या हाताच्या ठोशाने फ्युरीचे पाय लटपटले, तो दोरांवरून दोरांवर आपटत गेला, आणि केवळ दोरांनी सावरले म्हणून उभा राहिला, हे पाहून पंचांनी मध्ये पडून आकडे मोजले. नियमाप्रमाणे ते पडणेच धरले जाते. तो एक गुण फ्युरीला परत देऊन पाहा : पहिली पत्रिका उसिककडे, दुसरी बरोबरीत आणि तिसरी फ्युरीकडे जाते, म्हणजे लढत अनिर्णित राहते. लेनॉक्स लुईस यांच्यानंतर, म्हणजे १९९९ नंतर प्रथमच हेवीवेट गटाला एकच निर्विवाद, म्हणजे सर्व प्रमुख संघटनांचे किताब एकाच वेळी बाळगणारा जगज्जेता मिळाला, तो त्या काही सेकंदांमुळे. तरीही मनात किंतु राहिला असेल तर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झालेली दुसरी लढत पाहावी. फ्युरी त्या वेळी सुमारे २५ किलोंनी जड होता, आणि तिन्ही परीक्षकांनी उसिकला ११६-११२ असे विजयी ठरवले.

मला स्वतःला उसिकच्या ठोशांपेक्षा त्याचे पाय अधिक मोलाचे वाटतात. तो डावखुऱ्या पवित्र्यात लढतो, म्हणून त्याचा उजवा पाय पुढे असतो. उजव्या हाताच्या प्रतिस्पर्ध्याच्या पुढे आलेल्या डाव्या पायाच्या बाहेर तो आपला पाय ठेवू पाहतो, म्हणजे डावा ठोसा सरळ मार्गाने पोहोचतो आणि समोरच्याला मात्र आधी वळावे लागते. बारा फेऱ्या असे वळावे लागले की जड माणसाचा दम लागतो. लहानपणी साताऱ्याच्या तालमीत नवा मुलगा आला की आमचे वस्ताद त्याचे दंड पाहत नसत. त्याला मातीत चालायला लावून त्याच्या टाचांकडे पाहत. उसिकची लढत पाहताना मला ते हटकून आठवतात.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपल्या भागात दुसऱ्या गावच्या मैदानात जाऊन कुस्ती मारण्याचे मोल सर्वांना ठाऊक आहे. क्रूझरवेट गटात, म्हणजे सुमारे ९० किलोंपर्यंतच्या वजनात, उसिकने ग्लोवाकीला पोलंडमध्ये, हुकला बर्लिनमध्ये, ब्रिएडिसला लाटव्हियातील रिगामध्ये आणि गासिएव्हला मॉस्कोमध्ये हरवले. पुढे वजन वाढवून सप्टेंबर २०२१ मध्ये लंडनला जाऊन अँथनी जोशुआकडून हेवीवेटचे किताब घेतले. या लढतींत घरचे प्रेक्षक त्याच्या बाजूला नव्हते. २०२२ मध्ये रशियाचे आक्रमण सुरू होताच तो मायदेशी परतून प्रादेशिक संरक्षण दलात दाखल झाला. रुग्णालयातील जखमी सैनिकांनीच आपल्याला पुन्हा लढायला जाण्याचा आग्रह केला, असे त्याने सांगितले आहे. जोशुआला त्याने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा हरवले. जुलै २०२५ मध्ये वेम्बली येथे डॅनियल दुबुआला पाचव्या फेरीत बाद केले तेव्हा त्याच्या नावावर २४ व्यावसायिक लढती आणि २४ विजय होते.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा असून आजवर फुटबॉल खेळत आला. उसिकही पंधराव्या वर्षीच बॉक्सिंगकडे वळला, असे सांगून तो हट्ट धरून बसला आहे. उशीर झाला आहे का? (एक पालक, कराड)

उत्तर : मुलाचे म्हणणे खरे आहे. उसिक सिम्फेरोपोलच्या ताव्रिया संघाच्या शाळेत फुटबॉल खेळत होता. तो खर्च घराला झेपेना, म्हणून तो बॉक्सिंगकडे आला. फुटबॉलने घडवलेले पाय मात्र त्याने सोबत आणले. परंतु पुढची वर्षेही मुलाला मोजून दाखवा. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये इटलीच्या क्लेमेंते रुस्सोने त्याला उपांत्यपूर्व फेरीतच हरवले. २०११ मध्ये तो हौशी गटाचा जगज्जेता झाला आणि २०१२ मध्ये लंडनच्या अंतिम फेरीत त्याच रुस्सोला हरवून त्याने सुवर्णपदक जिंकले. म्हणजे पहिला ग्लोव्ह हातात चढवल्यापासून दहा वर्षे. ते पदक घेऊन घरी पोहोचण्यापूर्वीच त्याचे वडील वारले, हे वाचताना आजही मला गलबलून येते.

आपण तर गोळेश्वरच्या शेजारचे. तेथले पैलवान खाशाबा जाधव १९४८ मध्ये लाल मातीतून लंडन ऑलिंपिकच्या मॅटवर गेले तेव्हा सहावे आले आणि चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. खेळाची जमीन बदलली की इतका काळ लागतोच.

मुलाला अवश्य पाठवा, मात्र प्रशिक्षक पाहून. आधी डोळ्यांची आणि एकूण प्रकृतीची तपासणी करून घ्या. पहिल्याच आठवड्यात मोठ्या मुलांसमोर उभे करून डोक्यावर मार खायला लावणारी जागा असेल, तर तेथून त्याला परत आणा. जेथे पहिले काही महिने दोरीवरच्या उड्या, पावले टाकणे आणि हाताला पट्टी नीट बांधणे एवढेच शिकवतात, आणि दातांचे कवच घातल्याशिवाय कोणालाही रिंगमध्ये सोडत नाहीत, तेथे त्याचे नाव घाला. शक्य झाले तर फुटबॉल लगेच सोडू देऊ नका.