दुसरं कडवं मराठीत घेऊ का?

प्रश्न : आमच्या डोंगरातल्या कोकणीत (कोकणा आदिवासींच्या बोलीत, गोव्याच्या नव्हे!) मी गाणी रचतो, कीबोर्डवर बसवतो. मित्र म्हणतात, निदान दुसरं कडवं मराठीत घे, नाहीतर ऐकणार कोण? मागच्या अंकात तुम्ही कॅनडाच्या जेरेमी डचर या गायकाचं नुसतं नाव घेतलंत. तो हे कसं निभावतो?
— एक वाचक, पेठ, जि. नाशिक

उत्तर : जागा संपली म्हणून नाव घेऊन थांबलो होतो. आता नीट सांगतो.

डचर न्यू ब्रन्सविक प्रांतातला. नकाशावर जिला सेंट जॉन म्हणतात, त्या वोलास्तोक नदीकाठचे वोलास्तोकियिक हे त्याचे लोक. त्यांची भाषा अस्खलित बोलणारे शंभरेक जणच उरलेत, असं त्याचा पहिला अल्बम आला तेव्हा सांगितलं जात होतं. कारण उघड आहे. शाळेत मुलांनी घरची भाषा बोलली की शिक्षा, आणि आदिवासींच्या विधींवर कायद्याने घातलेली बंदी उठायला १९५१ साल उजाडलं.

हा गडी शिकला पाश्चात्त्य शास्त्रीय गाणं. आवाज ऑपेराचा, बोटं पियानोवर. मॅगी पॉल या समाजातल्या जाणत्या गायिकेने त्याला सांगितलं की आपली जुनी गाणी संग्रहालयात पडून आहेत. विल्यम मेकलिंग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९०७ पासून पुढे ती मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित करून घेतली होती. मेणावरची खाच प्रत्येक वाजवणीला थोडी झिजते, म्हणून खरखर आवाजापेक्षा मोठी. डचरने ती खरखर कानात घेऊन एकेक ओळ स्वरलिपीत उतरवली. पाचेक वर्षं गेली त्यात. २०१८ साली 'वोलास्तोकियिक लिंतुवाकोनावा' हा पहिला अल्बम आला, सगळाच्या सगळा त्या भाषेत. त्याच वर्षी त्याला कॅनडातल्या वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा पोलारिस पुरस्कार मिळाला, पन्नास हजार डॉलरचा. तुमच्या मित्रांना हेही सांगा की या पुरस्काराला खप किती झाला हे बघितलंच जात नाही.

त्यातलं 'मेहचिनुत' ऐका. नळकांड्यावरचा म्हातारा गातो आणि डचर त्याच्यासोबत गातो. जुना आवाज चवीपुरता टाकलेला नाही, ती जुगलबंदीच आहे. मी जन्मभर पेटीची साथ केली, त्यामुळे माझं लक्ष पियानोकडे जातं. पेटी काय, पियानो काय, स्वर बांधलेले. माणसाचा गळा तसा बांधलेला नसतो. तुमच्या कीबोर्डचंही तेच. आजीच्या चालीतला एखादा सूर पट्ट्यांच्या मधे पडत असेल, तर तो ओढून पट्टीवर आणू नका. तिथे कीबोर्ड गप्प ठेवा किंवा नुसता षड्ज धरा.

आता तुमचं दुसरं कडवं. डचरने २०२३च्या 'मोतेवोलोनुवोक' या अल्बममध्ये इंग्रजी गाणीही घेतली, आणि २०२४ला पुन्हा पोलारिस जिंकला. दोनदा जिंकणारा तो पहिलाच. म्हणजे त्याने इंग्रजी वर्ज्य केलेली नाही. पण आधी एक अख्खा अल्बम आपल्या माणसांसाठी केला. तुमचं गाणं पेठच्या पोरांना ऐकवायचं असेल तर मराठी कडवं कुणासाठी? आणि मराठी माणसाला खडसावून काही सांगायचं असेल तर सबंध गाणं मराठीत करा, एका कडव्यात ते मावणार नाही. कळावं म्हणून अर्थ सांगणारं कडवं मला तरी भिकेची झोळी वाटते. रागावू नका.

एक मात्र विसरू नका. डचरला गाण्यांकडे धाडलं ते समाजातल्याच वडीलधाऱ्या बाईने. तुम्ही डोंगऱ्यादेवाच्या उत्सवातल्या चाली घेणार असाल तर आधी गावच्या भगताला विचारा, थाळीच्या नादावर कथा गाणारे कुणी असतील तर त्यांनाही. कुठलं गाणं उत्सवाबाहेर गायचं नाही, हे त्यांना ठाऊक असतं. 'नाही' म्हणाले तर ते गाणं सोडा, चाल तुमची स्वतःची बांधा.

प्रश्न : शब्द कळत नसताना अशी गाणी ऐकायची तरी कशी?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ध्रुपदातला नोमतोम आलाप, ज्यात अर्थाचे शब्दच नसतात, तो जसा ऐकता तशीच. सुरुवात करायला सोपं हवं असेल तर चेलोवादक यो-यो माच्या २०२१च्या 'नोट्स फॉर द फ्यूचर' या अल्बममध्ये डचर गायला आहे, तिथून करा. चेलो ओळखीचा असतो, त्याच्या बोटाला धरून आत शिरता येतं.